बाद केलेल्या सर्व्हिस

“हे काय काढलंस नवीन?” आण्णांनी विचारलं.

मी पुण्याहून दोन वस्तू आणल्या होत्या आणि दोन्ही कोर्टाच्या कडेला सतरंजीवर मांडून ठेवल्या होत्या. एक होता सेकंदाला दोनशे चित्रं टिपणारा कॅमेरा. तो मिळवायला मी तीन अर्ज आणि अकरा फोन केले होते. आण्णांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं बोट दुसऱ्या वस्तूकडे होतं. ती होती प्लास्टिकची, कमरेएवढी उंच, पोकळ नळी.

“बॉल उचलायची नळी आहे, आण्णा. बॉलवर टेकवायची, वरून दाबायची, बॉल आत. वाकायला नको.”

मी करून दाखवलं. लाल मातीत पडलेले पाच बॉल एकामागोमाग एक नळीत गेले. पोरं भोवती जमली. स्नेहलने माझ्या हातातून नळी ओढून घेतली आणि कोर्टभर पळत सुटली. मिनिटभरात नळी भरून तिने ती टोपलीत रिकामी केली आणि म्हणाली, “आण्णा, आता आमची कंबर सुटली तुमच्या तावडीतून.”

आण्णा हसले नाहीत. “आन् पोरं काय करणार मग?”

“सर्व्हिस करतील. रोजची वीस मिनिटं वाचतील.”

“वीस मिनटं,” ते म्हणाले आणि आपल्या लोखंडी खुर्चीकडे निघून गेले.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. आज माझ्या कोर्टावर कोणी अशी नळी आणली तर मी ती बाहेर ठेवायला सांगतो. माझ्याकडची मुलं हाताने बॉल वेचतात, एका वेळी एक. नवे पालक कुरकुर करतात, एवढी फी भरून पोर बॉल गोळा करतंय म्हणतात. मी त्यांना कारण सांगत नाही, कारण सांगायला बसलो तर मला हे सगळंच सांगावं लागेल.

हणमंत सुतार, म्हणजे आमचे आण्णा, शिकलेले कोच नव्हते. तरुणपणी ते कोल्हापुरातल्या एका क्लबात मार्कर होते. सभासदांना जोडीदार मिळाला नाही की त्यांच्याबरोबर खेळायला क्लब जो नोकर ठेवतो, तो मार्कर. तिथून ते इचलकरंजीला आले आणि तलावामागच्या पडीक जागेवर मुरूम टाकून, शेणाचा सडा घालून त्यांनी तीन कोर्टं उभी केली. मीही तिथेच शिकलो. माझं नाव शीतल. आमच्या जैन घरांत हे पुरुषाचं नाव असतं, पण बाहेरगावी गेलो की प्रत्येक स्पर्धेत कोणीतरी मला मुलींच्या यादीत घालायचं आणि आण्णा जाऊन भांडून यायचे.

खेळाडू म्हणून मी बेताचाच निघालो. मग अभ्यासाला लागलो आणि सर्व्हिस करताना शरीर कसं चालतं, यावर पीएचडी केली. जोर पायापासून निघतो. गुडघा, कंबर, पाठ, खांदा, कोपर, मनगट असा एकातून दुसऱ्यात चढत जातो आणि शेवटी रॅकेटमध्ये उतरतो. ही साखळी कुठे तुटते ते कॅमेऱ्यात दिसतं. मला ते दिसायचं आणि मला त्याचा भयंकर अभिमान होता. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. आण्णांनी मला हौसेने परत बोलावलं, स्वतः कोर्टावरच्या पोरांना सांगितलं की आता डॉक्टर आलाय, त्याचं ऐकायचं. तेव्हापासून तिथे सगळे मला डॉक्टरच म्हणायला लागले.

स्नेहल मगदूम त्या वेळी पंधरा वर्षांची होती. कबनूरची, उंच, बडबडी, खिशात कायम शेंगदाण्याची चिक्की. तिचे वडील कलगोंडा हे यंत्रमागाचे जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे कारागीर. घरापुढच्या शेडमध्ये त्यांचे स्वतःचेही चार माग होते. एवढ्या खडखडाटात वाढल्यामुळे पोरगी मोठ्याने बोलायची. फोरहॅंड बघत राहावा असा होता. फक्त सर्व्हिस मवाळ होती. फेब्रुवारीत सोलापूरला सोळा वर्षांखालच्यांची राज्य स्पर्धा होती. फायनलला पोचणाऱ्या दोघी राज्याच्या संघात जाणार, पुण्यात राहून शिकणार. कलगोंडांनी पोरीसाठी एवढं एकच मागितलं होतं आणि त्यांना वाटत होतं की ते मी देऊ शकतो. मलाही तसंच वाटत होतं.

पहिल्याच शनिवारी मी तिच्या अंगावर चमकणाऱ्या टिकल्या लावल्या. घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, खांद्याला. कॅमेऱ्याला सांध्यांच्या जागा कळाव्यात म्हणून. तिने त्यातली एक काढून कपाळाला लावली. “सर, ही पण मोजा.”

“ती मोजण्यासारखी नाही. लाव जागेवर.”

आमच्या शास्त्रात एक रीत आहे. खेळाडूच्या दहा सर्व्हिस घ्यायच्या. चौकटीत पडलेल्या आणि सगळ्यांत वेगवान अशा तीन ठेवायच्या आणि अभ्यास त्या तिन्हींचाच करायचा. उरलेल्या बाद. अर्धवट सुटलेली, लय बिघडलेली सर्व्हिस मोजून काय कळणार? ती हिशेबात घेतली की आकडे नासतात. मला हे असंच शिकवलं होतं, जगभर असंच करतात आणि त्यात चूक काही नव्हती. मी कॅमेऱ्याशेजारी उभा राहायचो, डोळा पडद्यावर, आणि बिघडलेली सर्व्हिस दिसली की म्हणायचो, “बाद. परत.”

पोरांना तो शब्द इतका आवडला की कोर्टावर सगळंच बाद व्हायला लागलं. स्नेहल गार पडलेला वडापाव बाद करायची, धाकट्या पोरांची भांडणं बाद करायची. एकदा मी नवा शर्ट घालून आलो तर लांबूनच ओरडली, “सर, बाद. परत.”

तिची साखळी कुठे तुटते ते मला तिसऱ्याच दिवशी सापडलं. ती बॉल फार पुढे उडवायची, त्यामुळे पाठीची कमान होतच नव्हती. गुडघ्यातून आलेला जोर कमरेत येऊन विरून जायचा. मी आण्णांना पडद्यावर दाखवलं. “बघा, इथे कंबर कामच करत नाही. बॉल डोक्यावर घेतला, पाठ मागे नेली, की वीस किलोमीटर वेग वाढेल.”

“मीच शिकवलाय तिला पुढं बॉल टाकायला.”

“का?”

आण्णा पडद्याकडे बघत म्हणाले, “तिचं अंग तसं हाय.”

“म्हणजे कसं?”

“तसं म्हंजे तसं. आन् सर्व्हिस चाळीसच घ्यायच्या, जास्त न्हाई.”

“चाळीसच का, आण्णा? पन्नास का नाही? काहीतरी आधार पाहिजे ना.”

त्यांना सांगता आलं नाही. चार इयत्ता शिकलेला माणूस, त्याच्यापुढे मी आलेख आणि कोन मांडून बसलो होतो. ते गप्प झाले याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. आज आठवलं की लाज वाटते. तसं त्यांचं एक वागणं मला लहानपणापासून चमत्कारिक वाटायचं. सर्व्हिस चालू असताना ते खुर्चीत अर्धवट डोळे मिटून बसायचे आणि पोरं बॉल वेचायला लागली की ताठ होऊन बघायला लागायचे. हाताने वेचायचे, एका वेळी एकच, आणि त्यांच्या खुर्चीशेजारच्या टोपलीत आणून टाकायचा. आम्ही म्हणायचो, आण्णांना खेळापेक्षा झाडलोटीची हौस जास्त.

नळी आल्यावर ते सगळं बंद झालं. चाळीसच्या जागी एकशे वीस सर्व्हिस सुरू झाल्या. आण्णा तिसऱ्या कोर्टावर बारक्या पोरांकडे जाऊन बसायला लागले. मी त्यांना हाकललं नाही. पण थांबवलंही नाही.

वेग मात्र वाढला. नोव्हेंबरात एकशे बारा, डिसेंबरात एकशे एकवीस, जानेवारी संपताना एकशे एकतीस. हातच्या काकणाला आरसा कशाला, आकडा यंत्रावर समोर लाल अक्षरांत दिसत होता. कलगोंडा एका रविवारी पेढे घेऊन आले. “डॉक्टरसाहेब, पोरगीच्या हातात काय भरलंय तुम्ही? आवाज ऐकूनच कळतंय.” मी त्यांना कॅमेरा दाखवला, कमान दाखवली, साखळी समजावली. ते हात बांधून ऐकत होते. जाताना आण्णांपुढेही त्यांनी पेढ्यांचा बॉक्स धरला. आण्णांनी एक पेढा घेतला आणि विचारलं, “घरात कशी हाय पोरगी? झोपतीया न्हवं नीट?”

“दमतीया. पडली की झोपतीया.”

“पालथी का उताणी?”

कलगोंडा हसले. हा काय प्रश्न, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तेच वाटलं आणि मीही हसलो.

फेब्रुवारीत आम्ही सोलापूरला गेलो. स्नेहलने हट्ट धरून आण्णांनाही बरोबर घेतलं. ती पहिल्या तिन्ही मॅच सहज जिंकली. तिची सर्व्हिस समोरच्या पोरींना दिसतच नव्हती. तिथे बॉल आणून द्यायला पोरं नव्हती, ज्याचे त्याने बॉल उचलायचे. स्नेहल बॉल हाताने उचलत नव्हती. रॅकेटने हलकेच थोपटायची, बॉल टप्पे घेत वर आला की झेलायची. मोठे खेळाडू करतात तसंच. मला ते ऐटबाज वाटलं. आण्णा माझ्या शेजारी बाकावर बसले होते.

“हे कवापास्नं करायलीया?”

“काय?”

“बॉल असा उचलायचा.”

“सगळेच करतात, आण्णा.”

त्यानंतर त्यांनी मॅच बघितली नाही, एक पॉइंट संपून दुसरा सुरू होईपर्यंतचीच स्नेहल ते बघत राहिले.

सेमीफायनलला ऊन चांगलंच तापलं होतं. पहिला सेट स्नेहलने घेतला. दुसऱ्यात पाच-तीन, सर्व्हिस तिची, चाळीस-पंधरा. एक पॉइंट, की फायनल, की पुणे. कलगोंडा जाळीच्या कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभे होते. स्नेहलची पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली आणि बॉल खाली नेटच्या घोळात अडकून बसला. समोरच्या मुलीने हात वर करून तो बाजूला करायला सांगितलं. नियमाने तो तिचा हक्क होता.

स्नेहल नेटपाशी गेली. रॅकेटने बॉल ओढायला बघितला, तो निघाला नाही. मग तिने नेटची वरची पट्टी डाव्या हाताने धरली आणि पाठ ताठ ठेवून, जिना उतरल्यासारखी, गुडघ्यांत हळूहळू खाली गेली. अर्ध्यात थांबली. तशीच वर आली. परत खाली गेली, परत थांबली. अंपायर घड्याळ बघून म्हणाले, “वेळ.” स्नेहल बॉलकडे बघत नुसती उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

माझ्या शेजारून आण्णा उठले. कुंपणाचं दार ढकलून ते सरळ कोर्टावर गेले. असं कोणी जात नाही. गेलं की दंड होतो. मी त्यांच्यामागे पळालो आणि ओरडलो. काय ओरडलो ते मला नीट आठवतं आणि ते खोटं सांगणार नाही. मी म्हणालो, “आण्णा, एकच पॉइंट राहिलाय.”

आण्णांनी वाकून बॉल घोळातून काढला. तो स्नेहलला दिला नाही. आपल्या पायजम्याच्या खिशात टाकला आणि अंपायरकडे बघून म्हणाले, “पोरगी खेळत न्हाई.”

“आण्णा, एकच,” स्नेहल म्हणाली. ती रडत होती, पण उभ्याउभ्या, जराही न हलता.

“असू दे बाळा. बास्स झालं.”

दोन दिवसांनी मिरजेच्या एका दवाखान्यात फोटो निघाले. कमरेच्या शेवटच्या मणक्याला दोन्ही बाजूंनी तडा गेला होता आणि मणका जागेवरून थोडा पुढे सरकला होता. तिथले डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी समजावून सांगितलं की वाढत्या वयात पाठ सारखी मागे वाकवली, वर पीळ दिला, की काही मुलांचा मणका असा तुटतो. तिचा मुळातच नाजूक असावा. सहा महिने पट्टा. त्यानंतर चालता येईल, पळताही येईल. “सर्व्हिस मात्र विसरायची,” ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, “हे एका दिवसाचं नाही. तीन महिने तरी दुखत असणार. कोणाला बोलली नव्हती?”

स्नेहल, कलगोंडा, आण्णा, ते डॉक्टर आणि मी, असे खोलीत आम्ही पाच जण होतो. मी म्हणालो, “नाही. कधी बोललीच नाही.”

मला खरंच तसं वाटत होतं. स्नेहलने माझ्याकडे बघितलं, काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखं, आणि मान खाली घातली. कलगोंडा तिच्याकडे वळले. “का गं? तोंड न्हवतं तुला? एवढी बोलतीस दिवसभर, हे सांगायला जीभ झडली हुती?” मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “मला वाटलं सर, तुमी डॉक्टर, तुमाला न सांगता कळंल.”

बाहेरच्या बाकावर आण्णा आणि मी बसलो. मी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“बॉल वेचताना पोरगं कसं वाकतंय ते बगायचं असतंय. सर्व्हिस करताना पोरगं आपल्याला दावायला करतंय. वेचताना कोण कुणाला दावतंय? दुखत असलं की गुडघ्यात वाकतंय, हात मांडीला लावतंय, बॉल लांबचा सोडून जवळचा घेतंय, रातीला पालथं झोपाय येत न्हाई. ही पोरगी बारकी असताना एकदा अशीच गुडघ्यात वाकायला लागली. मी बॉल पुढं टाकायला शिकवला. चाळीसावर हात थांबवला. मग परत नीट वाकाय लागली.”

“मग मला हे सांगितलं का नाही, आण्णा?”

“मला सांगाय येत न्हाई तुझ्यासारखं. मी दावलं असतं.” ते पुढे म्हणाले, “नळी आली आन् मला पोरांच्या कंबराच दिसंनाशा झाल्या.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी रडलो. आण्णांनी खिशातून रुमाल काढला, त्याबरोबर तो सोलापूरचा बॉल बाहेर आला. तो त्यांनी परत आत ठेवला आणि रुमाल मला दिला.

त्यानंतर दोन महिने मी कबनूरला फिरकलो नाही. मी शिकवत होतो त्या कॉलेजच्या नियतकालिकासाठी मी एक लेख लिहिला होता. एका मुलीच्या सर्व्हिसचा वेग अकरा आठवड्यांत एकोणीस किलोमीटरने कसा वाढला, हा. मी तो पाठवूनही दिला होता, सोलापूरच्या आधी. एप्रिलमध्ये संपादकांचं पत्र आलं. लेख आवडला होता. फक्त एक माहिती हवी होती: एकूण किती सर्व्हिस बाद केल्या आणि कोणत्या कारणाने?

लेख मागे घ्यायचं मी ठरवलं होतं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. दुपारी कॉलेज रिकामं झाल्यावर मी कॉम्प्युटर लावला. बाद सर्व्हिस मी नंतर कधी पाहिल्याच नव्हत्या. मध्येच बिघडल्या म्हणून मी परत करायला लावलेल्या वेगळ्या ठिकाणी साठवलेल्या होत्या, एक्केचाळीस. मोठ्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता. पण बाजूला नोंदीसाठी मी एक साधा घरगुती कॅमेरा लावून ठेवायचो, त्यात आवाज होता. पहिली सर्व्हिस लावली. स्नेहल बॉल उडवते, पाठ मागे नेते, मध्येच थांबते, डावा हात कमरेवर जातो. मग तिचा आवाज, लांबून, पण स्पष्ट. “सर, कमरेत जरा...” आणि लगेच माझा, जवळून, मोठा. “बाद. परत.”

मी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पाहिल्या. नऊ ठिकाणी ती बोलली होती. डिसेंबरात ती म्हणते, “सर, इथं चमक आली.” जानेवारीत म्हणते, “सर, एक मिनिट.” त्यापुढे तीनदा नुसतंच “सर.” प्रत्येक ठिकाणी तिच्यानंतर माझा तोच आवाज, न रागावता, न चिडता, पडद्यावरून डोळा न काढता. शेवटच्या दोन शनिवारी ती काहीच बोलत नाही. मध्येच थांबते आणि माझ्याआधी स्वतःच म्हणते, “बाद. परत.” आणि हसते.

मी त्या फाइली पुसून टाकू शकत होतो. तो विचार माझ्या मनात आला होता. मी तासभर त्या खोलीत बसलो होतो, हेही सांगून टाकतो. मग आण्णांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “पोरगीनं बगितलं का?”

“नाही.”

“मग माझ्याकडं कशाला आलास?”

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन कबनूरला गेलो. शेडमधले चारही माग चालू होते. घरात बोललेलं ऐकू येत नव्हतं. स्नेहल आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, पट्ट्यामुळे सरळ, परीक्षेला बसल्यासारखी. ती वाळली होती. सगळ्यांत विचित्र म्हणजे ती हळू बोलायला लागली होती. मला बघून उठायला गेली, मी नको म्हटलं.

तिच्या आईने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, “खात न्हाई नीट. ह्यांचं रोज एकच चालू असतंय, का सांगितलं न्हाईस, का सांगितलं न्हाईस. ती पण म्हणती, माझीच चूक.”

“माझीच आहे,” स्नेहल म्हणाली. “मी बोलायला पाहिजे होतं, सर.”

मी लॅपटॉप उघडला. आवाज पूर्ण वर केला तरी मागांपुढे काही ऐकू येईना. कलगोंडा दारात उभे होते. मी म्हणालो, “मगदूमसाहेब, माग थांबवता येतील का? पाच मिनिटं.”

“दुपारचं? कशाला?”

“ऐकायचं आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. बाहेर गेले. एक एक करून चारही माग थांबले. शेवटचा थांबल्यावर घरात इतकी शांतता झाली की शेजारच्या बायका दारात येऊन डोकावल्या. कलगोंडा आत येऊन पोरीच्या बाजूला खाली बसले.

मी पहिली सर्व्हिस लावली. मग दुसरी. नऊच्या नऊ लावल्या, एकामागून एक, आणि प्रत्येक वेळी त्या शांत घरात माझा आवाज ऐकला. पडद्यावरची पोरगी हसत होती, खिशातून चिक्की काढत होती, कमरेवर हात ठेवत होती. संपल्यावर मी म्हणालो, “मिरजेला मी खोटं बोललो. मला माहीत नव्हतं ते खोटं आहे, पण ते खोटं होतं. तिने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

कलगोंडांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी शिव्यांची वाट बघत होतो, उठून मारतील असंही वाटलं होतं. त्यांनी हात लांब करून पोरीच्या डोक्यावर ठेवला. त्यांच्या बोटांना मागाचं काळं तेल होतं, ते तिच्या केसांना लागलं.

“सांगितलं हुतंस गं तू,” ते म्हणाले. “सांगितलं हुतंस की.”

स्नेहल पडद्याकडेच बघत होती. तिथे चित्र थांबलं होतं, तिचाच एक हात कमरेवर आणि तोंड अर्धवट उघडं. तिने डोळे पुसले नाहीत. थोडी पुढे सरकली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, पूर्वीच्या मोठ्या आवाजात बोलली.

“परत लावा, सर.”